पंचेचाळीस डिग्रीतला चहा: खान्देशी चहाबाजासाठी सविस्तर मार्गदर्शन

मे महिन्यात दुपारी तीन वाजता जळगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पारा 45 च्या आसपास, डांबर चपलेला चिकटतंय, आणि तरी कोपऱ्यावरच्या टपरीपाशी चार माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून उभी असतात. हातात वाफाळता ग्लास. पुण्याकडचा पाहुणा विचारतो, "अहो, या उन्हात चहा?" त्याला उत्तर द्यायच्या फंदात कुणी पडत नाही. त्याच्यासाठी एक हाफ सांगितला जातो.

दिवसाला बारा कप पिणारा तो चहाबाज, असं आपल्याकडे समजतात. मला ते मान्य नाही. कचेरीत एका दाखल्यासाठी खेटे घालणारा माणूसही दिवसात बारा कप पितो, पण ते वेळ जात नाही म्हणून. चहाबाज तो, ज्याला पहिल्या घोटाला कळतं की गडबड कुठे झालीय. मी स्वतः पंधराएक वर्षं चहाबाज म्हणून मिरवलो आणि मग लक्षात आलं की मला ते कळतच नव्हतं. म्हणून सुरुवात माझ्या फजितीपासून.

आधी पाणी बघा

शहराबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलं. बोअरला पाणी लागलं म्हणून पेढे वाटले. राहायला गेलो आणि पहिल्याच सकाळी चहा बिघडला. रंग काळपट, वर पातळ तवंग, कपाच्या कडेला तपकिरी कडं, आणि चवीला काही म्हणजे काही नाही. उकळलेल्या लाकडाचं पाणी प्यायल्यासारखं. बायको म्हणाली, पत्ती जुनी असेल. पत्ती बदलली. मग दूधवाल्यावर संशय घेतला, त्याच्याशी दोन शब्द झाले. महिनाभरात चार प्रकारची पत्ती आणि दोन दूधवाले झाले, चहा होता तिथेच.

शेजारी अमळनेरकडच्या एक आक्का राहतात. त्यांच्याकडे गेलं की दारातूनच आवाज येतो, "बठ रे भाऊ, च्या मांडेल शे." तीच कॉलनी, तशीच बोअर, आमच्या दोन्ही घरी दूधवालाही एकच. पण त्यांचा चहा तांबूस, लख्ख. एकदा मी सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो. आक्कांनी पातेलं घेतलं, आणि सिंकवरच्या नळाकडे न वळता माठातून ओगराळं भरून पाणी घेतलं. नगरपालिकेचं पाणी. नळ आला की त्या पितळी हंडे आणि माठ भरून ठेवतात, बोअरचं पाणी फक्त धुण्याभांड्याला. आमच्याकडे पिण्याचं पाणी वेगळं होतं, पण चहाचं पातेलं मात्र नळाखाली धरलं जायचं. उकळायचंच तर आहे, काय फरक पडतो, म्हणून.

फरक असा पडतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस न येणं, तूरडाळ तासभर टणक राहणं, गिझरची कॉइल वर्षात पांढरी होणं, हे सगळं त्यांचंच काम. चहातली तुरट, तरतरीत चव देणारी द्रव्यं अशा पाण्यात नीट उतरत नाहीत, रंग मात्र गडद होतो. वरचा तवंग म्हणजे याच क्षारांची आणि चहातल्या द्रव्यांची हवेच्या संगतीने झालेली साय. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की ती नाहीशी होते, कारण आंबटपणापुढे ते क्षार टिकत नाहीत.

तुमचं पाणी कसं आहे हे पाहायला प्रयोगशाळा नको. स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात नुसतं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा आणि गार होऊ द्या. तळाला पांढरी पूड बसली तर समजा. उपायही त्यातच आहे. रात्री पाणी असं उकळून झाकून ठेवा, सकाळी पातेलं न हलवता वरचं निवळ पाणी चहाला घ्या, तळाचं फेकून द्या. सगळे क्षार काही उकळून जात नाहीत, पण चहापुरता फरक पहिल्या घोटाला कळतो. घरात आरओ असेल तर तेही पाणी चालतं. काहींना निव्वळ आरओच्या पाण्याचा चहा जरा जास्त तुरट लागतो. त्यांनी निम्मं आरओ, निम्मं हे निवळ पाणी घेऊन बघावं.

ज्या दूधवाल्याशी भांडलो होतो त्याला नंतर घरी बोलावून चहा पाजला. तो काही बोलला नाही, पण दोन कप प्यायला.

पत्ती

आपण जी दाणेदार पत्ती वापरतो ती सीटीसी. 1930 च्या सुमारास आसामात ही पद्धत निघाली. दातेरी रोलरांच्या मधून पानं जातात, तिथे ती चिरडली, फाडली आणि वळवली जातात आणि त्यांचे बारीक गोळे होतात. हे गोळे भराभर रंग सोडतात आणि दुधापुढे हार मानत नाहीत. आपल्या उकळी चहाला यासारखी दुसरी पत्ती नाही. दार्जिलिंगचा लांब पानांचा नाजूक चहा कुणी भेट दिला तर कृपा करून त्यात म्हशीचं दूध ओतून पाच उकळ्या काढू नका. तो गरम पाण्यात तीन मिनिटं ठेवून कोराच प्यायचा असतो. माझ्या मेहुण्याने आणलेलं पाकीट आम्ही अद्रक घालून संपवलं, त्याला अजून सांगितलेलं नाही.

जाता जाता, चहा ही आपली फार पुरातन परंपरा आहे असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. आसामात चहाचं झाड इंग्रजांच्या नजरेस पडलं ते 1823 मध्ये, आणि बराच काळ तिथला चहा बाहेर विकायलाच पिकत होता. देशातल्या लोकांनी तो प्यावा म्हणून मुद्दाम प्रचार झाला. 1903 मध्ये त्यासाठी चहावर उपकर बसला, पुढे कारखान्यांत आणि रेल्वे स्टेशनांवर लोकांना चहाची सवय लावली गेली. भुसावळसारख्या जंक्शनात वाढलेल्या माणसाला "चाय गरम" ही भूपाळी वाटते ती अशी.

दुकानात सुटी पत्ती घेताना दाणा आणि डस्ट दोन्ही मागून बघा. डस्ट म्हणजे कचरा नव्हे, ती बारीक चाळलेली पत्ती असते. रंग झटकन देते, म्हणून टपरीवाल्यांची लाडकी. दाण्याला स्वाद जास्त. मी तीन भाग दाणा, एक भाग डस्ट असं मिसळतो. डस्ट याहून वाढवली की चहा कडक होतो, पण जिभेवर ओरखडतो.

भेसळीची शंका आली तर पांढरा टिपकागद किंवा टिश्यू पेपर घ्या, त्यावर चिमूटभर पत्ती पसरा, पाणी शिंपडा. थोड्या वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धरा. अस्सल पत्तीचा डाग जवळजवळ राहत नाही, रंग चढवलेली पत्ती कागदावर खुणा सोडते. सुकी पत्ती कागदावर घेऊन वरून लोहचुंबक फिरवलं तर लोखंडाचा कीसही कळतो.

आणि डबा. चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो. आमच्या फडताळात वर्षाचा काळा मसाला आणि चहाचा डबा शेजारी शेजारी होते, डब्याचं झाकण सैल. पंधरा दिवस चहाला शेवभाजीचा वास येत होता. घट्ट झाकणाचा डबा, मसाल्यापासून आणि शेगडीपासून दूर, आणि आत कोरडाच चमचा.

दूध, अद्रक, आणि नासण्याचं गूढ

म्हशीच्या दुधात गायीच्या दुधाच्या दीडपट ते दुप्पट स्निग्धांश असतो, प्रथिनंही जास्त. दुधातली प्रथिनं चहाच्या तुरटपणाला धरून ठेवतात, म्हणून दूध घातलं की चहा मवाळ होतो. त्यामुळे म्हशीच्या दुधाला पत्ती थोडी वाढवा किंवा दूध थोडं कमी घ्या. "नुसत्या दुधाचा चहा" हा पाहुण्याचा मान असेल, पण तो चहा नव्हे. ती तपकिरी बासुंदी.

अद्रक घातल्यावर दूध फाटलं की आपण दुधाला नावं ठेवतो. दोष बहुतेक वेळा क्रमाचा असतो. कच्च्या अद्रकात दुधातली प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं. चीनमध्ये तर अद्रकाच्या रसाने दूध मुद्दाम विरजतात आणि गोड म्हणून खातात. उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं. म्हणून अद्रक ठेचून पाण्यात आधी चांगलं उकळायचं, दूध नंतर. किसण्यापेक्षा ठेचलेलं बरं, किसलेल्याचे धागे गाळणीत अडकून बसतात.

उन्हाळ्यात आणखी एक खबरदारी. सकाळचं दूध दुपारी थेट चहात ओतू नका. वाटीभर दूध वेगळं तापवून बघा. फाटायचं असेल तर तिथे फाटेल, अख्खं पातेलं वाचेल. मेमध्ये लाइट गेल्यावर फ्रीजचा भरवसा किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रत्यक्ष मांडणी

दोन माणसांना दोन-दोन हाफ होतील असं माप देतो. एका हाफला साधारण 80 मिली धरा.

250 मिली निवळ पाणी पातेल्यात घ्या. अर्ध्या अंगठ्याएवढं अद्रक ठेचून गार पाण्यातच टाका. पाण्याला उकळी फुटली की दोन मिनिटं तशीच राहू द्या, पाण्याला पिवळट झाक येते आणि वास नाकापर्यंत पोचतो. मग दोन सपाट चमचे पत्ती. आता आच मध्यम. इथे घाई करणारे फसतात. पत्ती टाकल्या टाकल्या दूध ओतलं तर दुधाच्या स्निग्धांशात पत्ती उतरत नाही, आणि मग रंगासाठी पुन्हा पत्ती, पुन्हा उकळी. दीड ते दोन मिनिटं पत्तीला पाण्यातच उकळू द्या. साखर याच वेळी. वेलदोडा घालायचाच तर एक, सालीसकट ठेचून. अद्रक आणि वेलदोडा एकत्र घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मी तिथे दुसरा कप घेत नाही.

मग 125 मिली आधी तापवलेलं दूध. गार दूध ओतलं तर उकळीचा दम जातो. आता चहा वर येईल. वर आला की पातेलं उचला किंवा आच कमी करा, खाली बसला की पुन्हा वर येऊ द्या. तीन वेळा. दुसऱ्या वेळेला रंग विटकरी होतो, तिसऱ्या वेळेला कडेने फेसाची बारीक जाळी दिसते. थांबायचं इथेच. चौथ्या-पाचव्या उकळीने चहा दाट होतो हे खरं, पण तो कडूही होतो, आणि मग साखर वाढते. शेगडी बंद करून एक मिनिट झाकण ठेवा, मग गाळा.

गाळताना चोथा चमच्याने दाबायचा नाही. पिळून काढलेला शेवटचा घोट सगळ्या कपांना कडवटपणा देतो. आमच्या घरी हे सांगून सांगून मी थकलो.

गुळाचा चहा करणाऱ्यांसाठी वेगळी वाट. गुळात आम्ल आणि क्षार असतात, त्यामुळे दूध घालून उकळलं की बऱ्याचदा फाटतं. पाणी, अद्रक, पत्ती आणि गूळ एकत्र उकळून गाळून घ्या. दूध वेगळं उकळा. दोन्ही कपातच भेटू द्या, शेगडीवर परत नेऊ नका. गवती चहा असेल तर दोन पाती गाठ मारून पाण्यातच. नावात चहा असला तरी चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही, तो फक्त वासाचा पाहुणा.

बशीचा मान

बशीतून फुरका मारणाऱ्याला शहरात गावंढळ म्हणतात. त्यांना सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेय पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असा निर्वाळा दिला. दोष चहाचा नाही, चटक्याचा. बशीत ओतलं की चहा पसरतो, हवा लागते, आणि काही सेकंदांत तो ओठाला सोसेल इतका होतो. आपल्या आजोबांनी कोणताही अहवाल न वाचता हे केलं. ज्यांना बशीची लाज वाटते त्यांनी कप ठेवून पाच मिनिटं गप्पा माराव्यात. तेही त्याच कामाला येतं.

बिस्किटाबद्दल एवढंच: ग्लुकोजचं बिस्कीट दोन सेकंद, टोस्ट पाच, खारी बुडवायची नाही, तिला फक्त कड लावायची. बुडून तळाशी गेलेलं बिस्कीट चमच्याने काढायचं की शेवटी लापशी म्हणून प्यायचं, हा घराघराचा प्रश्न आहे.

उन्हातला चहा

आता त्या पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर. गरम पेयाने घाम थोडा जास्त सुटतो, आणि हवा कोरडी असेल तर तो लगेच उडतो आणि अंगाला गारवा देतो. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून टपरीवरच्या माणसाला बरं वाटतं ते भ्रम म्हणून नाही. जूनमध्ये ढग जमून चिकचिक सुरू झाली की हेच गणित उलटं होतं, घाम अंगावरच राहतो. पण चहाला पाण्याचा पर्याय समजू नका. आपल्याकडे पाहुण्याला आधी तांब्याभर पाणी आणि मग चहा देतात. उन्हात स्वतःलाही पाहुणा समजा. केळीच्या बागेत कापणीला आलेली माणसं पाण्याची कॅन आधी संपवतात, चहाची किटली नंतर. त्यांच्याकडून शिका.

किती प्यावा

इथे हिशेब करावाच लागतो. एका पूर्ण कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं. धडधाकट माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं असं मानतात, गरोदर बाईने 200 च्या आत राहावं. म्हणजे कॅफीनच्या बाबतीत आठ कपांचा चहाबाजही सुटतो. अडकतो तो साखरेत. कपाला दोन चमचे, चमच्यात 4 ग्रॅम धरले तरी आठ कपांत 64 ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमलं तर 25 च्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि यात लग्नातली जिलेबी धरलेली नाही.

साखर एकदम सोडू नका, चहा रुसतो. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. मी दोनवरून पाऊण चमच्यावर आलो. मधले दोन महिने घरात कुणाला कळलं नाही, कळलं तेव्हा सगळ्यांना तीच चव लागली होती.

कॅफीनचा निम्मा अंमल उतरायला पाचेक तास लागतात. रात्री दहाला झोपणाऱ्याचा शेवटचा कप संध्याकाळी पाचचा. आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहातली द्रव्यं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. कळण्याची भाकरी, भरीत, वर कांद्याची पात असं झकास जेवण करून लगेच कप तोंडाला लावला तर त्यातलं लोह वाया. तासभर थांबा. रक्त कमी असलेल्या बायकांनी तर नक्की थांबा, घरात सगळ्यांचं जेवण उरकून ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा पिणाऱ्या त्याच असतात.

"नको" म्हणण्याची कला

खान्देशात चहा नाकारणं ही अवघड गोष्ट. "नको" हा शब्द यजमानाला "आग्रह करा" असा ऐकू येतो. "आत्ताच घेतला" म्हटलं तर "मग काय झालं?" "पित्त होतं" म्हटलं तर बिनसाखरेचा, बिनदुधाचा, लिंबाचा असे तीन पर्याय येतात. माझी पद्धत अशी: नाकारायचं नाही, वाटून घ्यायचा. "दोनात तीन करा" म्हटलं की यजमानाचा मान राहतो आणि आपलं पोट. गावात एका फेरीत सहा घरं करायची असतील तर प्रत्येक ठिकाणी बशीपुरताच घ्या, आणि बशी रिकामी करून उपडी ठेवा. सरळ ठेवली तर भरली जाते.

टपरीवर पैसे देण्यावरून झटापट होते, तिथे हात लांब असलेला जिंकतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

शेवटची कामं

गाळणी लगेच धुवा. वाळलेला चोथा जाळीत बसला की दुसऱ्या दिवशीच्या चहाला शिळा वास येतो. पातेल्याला पांढरा थर चढला असेल तर पाण्यात अर्धं लिंबू पिळून उकळा, निघून जातो. चोथा गुलाबाला किंवा कढीपत्त्याला घालता येतो, पण दोन पाण्यांत धुवून, नाहीतर साखरेमुळे कुंडीत मुंग्यांची जत्रा भरते.

आमच्या घरी आता चहाचा वेगळा माठ आहे. परवा आक्का पहिल्यांदाच आमच्याकडचा चहा प्यायल्या. बशीत ओतला, फुंकर घातली, एक फुरका मारला आणि बशीकडे बघत राहिल्या. मी श्वास धरून उभा. मग त्यांनी विचारलं, "पानी बदलं का रे?"